जमेची बाजू

त्या आश्विनात साखर पेठेत झोप लागत नव्हती कुणाला.
माग बंद होते.
खडखडाट ऐकत निजायची सवय आमची,
एवढ्या शांततेत माणूस दचकून उठायचा
आणि उठलं की भूक लागायची.

बोनस नाही, उचल नाही.
कारखान्याच्या दाराला कुलूप, आत
अर्धा विणलेला टॉवेल मागावर तसाच ताणलेला.

गुरुबसव्वानं विषय काढला तो नळाच्या दिवशी.
चार दिवसांनी पाणी यायचं.
सगळ्या बोळाची भांडी एका रांगेत,
आणि भांड्यांवरून कळायचंच
कुणाच्या पातेल्याला आठवडाभर काजळी नाही.
ती एवढंच म्हणाली,
"यंदा फराळ एकाच चुलीवर करू.
घरोघरी रॉकेल कशाला जाळायचं?"
भुकेचं नाव कुणी घेतलं नाही.
रॉकेलवरच बोलले सगळे, तावातावानं.

मी चौथीत. अक्षर बरं,
म्हणून वही माझ्याकडे.
नियम एकच सांगितला तिनं:
"आलेलं लिही. गेलेलं लिहू नकोस."
"मग हिशेब कसा लागायचा?"
"नाही लागला तर नाही लागला."

नरसम्मा बोगम, शेंगदाणे, दोन मापटी.
खैरुन्निसा चाची, साखर, रेशनकार्डावरची सगळी.
तानूबाईनं रोजच्या हजारावर
पन्नास विड्या जास्त वळल्या आठ दिवस,
पैसे आणून ठेवले वहीवर.
नाण्यांना तंबाखूचा वास होता.
चिप्पा किराणावाले पोत्यानं पोहे द्यायला तयार,
पण त्यांच्या हातून, चौकात, फोटोवाल्याला बोलावून.
"नको," गुरुबसव्वा म्हणाली,
"फोटो काढला की पोहे सादळतात."
दोन दिवसांनी पोतं आलं. मुकाट्यानं, हातगाडीवर.

मी आईला विचारलं, आपलं काय लिहू?
आईनं एकदा फडताळाकडे पाहिलं, एकदा दाराबाहेर,
मग टाचा उंचावून
झाडाच्या काड्या मोडत राहिली बराच वेळ.
"चिवड्याला लागतोच," म्हणाली.
मी लिहिलं, जरा लाजत, साखरेच्या खाली:
आमच्या घरून, कढीपत्ता, चाळीस काड्या.

त्या रात्री फोडणीचा वास
पार शाळेच्या भिंतीपर्यंत गेला.
तो वास आमचा आहे
असं मी भेटेल त्याला सांगत होते.

अंधार पडल्यावर डबे निघाले.
सगळ्या दारी सारखाच डबा, गरज असो नसो.
वर चिवडा, शेंगापोळी,
वरून सगळे एका तोंडाचे.
पोचवायला आम्ही पोरं.
काही डबे हाताला जड लागायचे,
चिवड्याखाली जोंधळ्याचं पीठ दाबून भरलेलं.
कोणते, ते वहीत नाही.
आमचा डबा मात्र मला उचलू दिला नाही कुणी.
तानूबाई स्वतः घेऊन आली,
दोन्ही हातांनी धरून.

रिकामा डबा परत द्यायचा नसतो.
पाडव्याला डबे फिरले तेव्हा
कशात चिमूटभर मीठ, कशात दोन लवंगा,
एकात नुसतं झेंडूचं फूल.
हे आलेलंच की.
मी तेही लिहिलं.

माग पुढे सुरू झाले, पुन्हा बंद पडले,
आमच्या बोळात आता गाड्या लागतात.
परवा लेकीनं वही चाळली आणि विचारलं,
"सगळे देणारेच दिसतात यात.
उपाशी कोण होतं मग?"

मी पानं उलटत गेले.
पीठ, गूळ, पोहे, फूल.
बोट साखरेवरून खाली आलं
आणि कढीपत्त्यावर थांबलं.

नळाची ती रांग आठवली.
सकाळचं ऊन पडलेलं,
आणि आमचं पातेलं,
सगळ्यांत लख्ख.
किती अभिमान वाटला होता मला.